आक्का आणि न जोडलेली ट्रॉली

आमच्या आक्का गाडीत बसायच्या आधी चपला काढायच्या. देवळात शिरावं तशा त्या चपला दाराबाहेर ठेवायच्या, पदर खोचायच्या आणि अनवाणी पायानं क्लच दाबायच्या. "चपलीतनं गाडीचं मन कळत न्हाई," हे त्यांचं त्यावरचं उत्तर. निम्म्या वेळा त्या चपला रस्त्यातच राहायच्या. पलूसच्या बाजारात, बँकेच्या दारात, पशुखाद्याच्या दुकानापुढे. मग मागून कुणीतरी मोटारसायकलवरून चपला घेऊन यायचं, "वैनी, ऱ्हायल्या व्हत्या की," म्हणून हातात द्यायचं आणि वर चहाही न घेता जायचं. माझी नवी कोरी छत्री एकदा एसटीत राहिली, ती आजतागायत कुणी आणून दिलेली नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माहेर शिराळ्याकडचं, शाळा सातवीपर्यंत. मी साताऱ्याची, बी.कॉम. झालेली, फौजेतून निवृत्त झालेल्या बापाची लेक. लग्न होऊन पलूसजवळच्या या उसाच्या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, इथे आपल्या शिक्षणाचं कौतुक होईल. कौतुक झालं, आठवडाभर. नंतर सगळ्यांचं आपलं पुन्हा आक्का, आक्का, आक्का. त्यांचा मला हेवा वाटायचा हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला कोडं पडायला नको.

थोरले दीर फौजेत. ऊस तुटला की भरलेली ट्रॉली शेतातून रस्त्याला काढायची जोखीम घरच्यांच्या गळ्यात. एका हंगामात ट्रॅक्टरवाला ऐनवेळी दांडी मारून बसला, ट्रॉली चिखलात, आणि टोळीतली माणसं बांधावर तंबाखू मळत बसलेली. आक्का बांधावरून उतरल्या आणि थेट ट्रॅक्टरवर चढल्या. "बसल्याबिगर काय कळतंय?" एवढंच म्हणाल्या म्हणे. त्या दिवसापासून भरली ट्रॉली मागे घेऊन बांधाच्या तोंडात नेमकी घालणारी बाई म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं. हे मी आले त्याच्या आधीचं. पण मला ते इतक्या जणांनी इतक्यांदा सांगितलंय, की मीच बांधावर बसले होते असं वाटतं.

मग दीर एकदा सुट्टीवर आले आणि जुनी पांढरी गाडी घेऊन दिली. आठ दिवस मिरवून ते परत ड्युटीवर गेले. आमचे हे साताऱ्याला एमआयडीसीत कामाला, रविवारपुरते घरी. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी, आणि तिच्याखाली कोंबड्या. आमचे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, तेही जुने फौजी. एके दिवशी जेवताना त्यांनी हुकूम सोडला, "दोन सुना हायत घरात. दोघी लायसन काढा. जी पास हुईल तिच्या हातात किल्ली."

मला तो घास गोड लागला. वाटलं, आता खरी परीक्षा. इथे ट्रॅक्टर चालायचा नाही, इथे साहेब बसणार, नियम असणार. लर्निंग लायसनसाठी कॉम्प्युटरवर चिन्हं ओळखायची असतात, ती आक्कांना मीच शिकवली. चुलीपुढे बसून, कोळशानं फरशीवर काढून. पुढे वळण, अरुंद पूल, हॉर्न वाजवू नये. "हॉर्न वाजवू नये?" आक्का म्हणाल्या. "मग म्हस बाजूला व्हायची कशी?" पण उत्तरं बरोबर दिली त्यांनी, आणि आम्ही दोघी लर्निंगला पास झालो. त्यानंतर मी माहेरी गेले आणि साताऱ्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रीतसर शिकले. चढावर गाडी थांबवून परत उचलायची, आरशात बघून मागे घ्यायची, सगळं. आक्का इकडे शेतातल्या वाटेवर शिकत होत्या. शेजारी लायसनवाला चुलत दीर, मागे काठी घेऊन मामा.

पक्क्या लायसनचा कॅम्प पलूसला असायचा. सांगलीहून आरटीओचे साहेब यायचे, मैदानावर फक्कीनं आठाचा आकडा आखायचे, कडुनिंबाखाली टेबल टाकायचे. आधी माझा नंबर लागला. मी आठ काढला, कुठे रेषेला टायर लागला नाही. गाडी मागे घेतली, सरळ रेघेत. सिग्नल दाखवले, सीटबेल्ट तर लावलेलाच होता. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "पुढचा." एवढंच. मी उतरून बघितलं, तर टाळी नाही, कुणाचं लक्षही नाही. सगळे उसाचा रस पीत होते.

मग आक्का बसल्या. चपला काढून. आठ काढला, झकास. साहेब म्हणाले, आता गाडी मागे घेऊन डाव्या अंगाला लावा. आता ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घेताना गंमत अशी असते, की ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. आक्कांचा हात इतकी वर्षं त्याच वळणाचा. शेतातल्या वाटेवर गाडी मागे घेण्याची वेळच कधी आली नव्हती, कारण तिथे पुढे जाऊन वळायला ऐसपैस जागा. त्यांनी स्टेअरिंग उलटं फिरवलं आणि गाडी डावीकडे जायच्या ऐवजी थेट कडुनिंबाकडे निघाली. रस पिणारे पेल्यांसकट पळाले. साहेब "अहो बाई, थांबा, थांबा" करत मागे धावले.

"बाई, स्टेअरिंग उलटं का फिरवलं?"

"सायेब, ट्रॉली अशीच वळती."

"ट्रॉली? कुठाय ट्रॉली?"

आक्कांनी मान वळवून खिडकीतून नीट मागे बघितलं. म्हणाल्या, "आज न्हाई जोडली."

अख्खं मैदान हसलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आक्कांना नापास केलं, पण टेबलाशी बोलावून चहा पाजला आणि किती टनांची ट्रॉली मागे घेता, असं विचारत बसले. मी पास होऊन उन्हात उभी.

घरी आलो. मामा सोप्यात वाट बघत होते. मी तोंड उघडायच्या आत चुलत दिरानं ट्रॉलीची कथा सुरू केली. मामा हसून हसून खोकायला लागले, सासूबाई पाणी घेऊन धावल्या. मी म्हटलं, "मामा, मी पास झाले."

"हां हां, झ्याक झालं," मामा म्हणाले. "आनि मग सायेब काय म्हनला गा?"

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. माझं तर पिकलेलं कुणी बघितलंसुद्धा नाही. त्या रात्री मी जेवले नाही आणि तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते आक्कांच्या. ताट झाकून ठेवलं होतं त्यांनी, आणि त्याचा मला आणखी राग आला.

सकाळी मी किल्लीकडे बघितलं. ती खुंटीला होती. मामांना शब्दाची आठवण करून दिली, तर म्हणाले, "थांब की पोरी म्हैनाभर. तिचं बी हुंदे. एकदमच बघू." महिन्यानं पुढचा कॅम्प आला, आक्का पास झाल्या आणि त्याच संध्याकाळी किल्ली त्यांच्या कमरेला गेली. "तिला रस्त्याची सवय हाय," मामा म्हणाले. माझ्या नाकाला जी मिरची झोंबली, ती पुढे कितीतरी वर्षं झोंबत राहिली. जी पास होईल तिच्या हातात किल्ली, असं ठरलं होतं ना? मग मी कोण होते? मला गाडी नको होती असं नाही, हवीच होती. पण त्याहून मला एवढंच हवं होतं, की या घरात कुणीतरी एकदा म्हणावं, ही आधी पास झाली.

आक्कांची गाडी म्हणजे गावाची गाडी. फाट्यावर कुणी उभं दिसलं की ब्रेक. "रिकामी सीट घिऊन हिंडायला आपन काय कलेक्टर हाय?" म्हणायच्या. म्हाताऱ्या, शाळेच्या पोरी, कोंबड्यांची पाटी, सगळं आत. पुढच्या सीटवर जो म्हातारा असेल तो, आणि मी मागे कोथिंबिरीच्या जुड्यांत. माझ्या बाळंतपणाला सांगलीला नेलं तेही त्यांनीच. पहाटेच्या धुक्यात, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, आणि बाई शांत. कळा माझ्या आणि बारशाला कौतुक त्यांचं. "आक्का व्हती म्हनून पोचली," असं जो तो म्हणत होता.

मध्येच कधीतरी त्या किल्ली पुढे करायच्या. "धाकले, आज तू चालीव की गं." आणि मी म्हणायची, "नको बाई, तुमचीच गाडी." मला मागून मिळालेलं नको होतं. त्या एकदा माझ्याकडे बघायच्या, किल्ली परत कमरेला लावायच्या आणि चपला काढायच्या.

गाडीत मी कधी झोपले नाही. डोळ्यांत तेल घालून त्यांची चूक शोधत बसायची. ती सापडायला फार वर्षं लागली. एका संध्याकाळी फाट्यावर उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही. आक्का सरळ तिच्यावर निघाल्या. मी ओरडले. कचकन ब्रेक लागला. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, तिखटमीठ लावूनच सांगितलं, खोटं कशाला बोलू? कुणी विश्वास ठेवला नाही. आमचे हे म्हणाले, "आक्कांना ट्रॉली दिसली न्हाई? ट्रॉली?"

 पण आक्कांना शुगर होती आणि नजर उतरत चालली होती, हे त्यांना त्या दिवशीच कळलं असावं.

त्यांच्या लायसनची मुदत पन्नाशीपर्यंतच होती. माझी अजून लांब होती आणि तेवढ्यानंही मला गुदगुल्या व्हायच्या. नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. पलूसचे आमचे डॉक्टर घरातल्यासारखे. आक्का खुर्चीत टेकतात न टेकतात तोवर त्यांनी पेन काढलं. "वैनी, तुमची नजर काय तपासायची? निम्मा तालुका तुमी दवाखान्यात पोचवलाय."

"न्हाई डॉक्टर," आक्का म्हणाल्या. "आदी ती अक्षरं वाचाय लावा."

भिंतीवरच्या तक्त्यावरचं मोठं अक्षर त्यांनी वाचलं. त्याखालची ओळ अडखळत वाचली. तिच्या खालची लागलीच नाही. डॉक्टर म्हणाले, सही करतो, रात्रीचं चालवू नका म्हणजे झालं. आक्कांनी मान हलवली. "गाडीत लेकरं बसत्यात आमची. परवा धाकली आरडली म्हनून निभावलं. सही नगो." मग त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "डोळ्याच्या डॉक्टरकडं जायाचं हाय सांगलीला. चल."

इतकी वर्षं ज्या किल्लीवर डोळा होता, ती अशी दवाखान्याच्या बाकावर हातात आली. आनंद झाला का? झाला, का होऊ नये. पण पास झाल्यापासून मी स्टेअरिंगला हातच लावला नव्हता. स्टँडपुढे गाडी बंद पडली, मागे एसटीवाला हॉर्न ठोकतोय, मला घाम फुटलेला. आक्का शेजारी हात मांडीवर ठेवून बसलेल्या.  जाताना कशीबशी पोचले. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं, औषध घातलं, गाडी आता बंद म्हणून सांगितलं. परत निघताना मी विचारलं, "आक्का, भीती नाही ना वाटत?"

"भ्यायचं काय त्यात?" डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "तू पयल्याच दणक्याला पास झालीयास. मी तवा नापास व्हते. आल्यागेल्याला मी सांगत आले, आमची धाकली माज्याआदी पास झाली म्हनून. पर लोकास्नी ट्रॉलीच पायजे, त्याला मी काय करू?"

आणि सीट मागे करून झोपल्या. खरंच झोपल्या, घोरत. माझा इतक्या वर्षांचा राग त्या रस्त्यावर बेवारस झाला. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं होतं, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

पुढे दोन-तीन वर्षं मीच त्यांना फिरवलं. शेवटी शेवटी मिरजेच्या दवाखान्यात आठवड्याला खेप असायची. प्रत्येक वेळी शेजारी बसून त्या घरापर्यंत गाढ झोपायच्या. मागच्या हंगामात, ऊसतोड चालू असतानाच, त्या गेल्या. मातीला इतकी माणसं आली की गाड्या लावायला जागा उरली नाही. तेव्हाही मनात आलंच, माझ्या वेळी एवढी येतील का. स्वभावाला औषध नाही.

दिवसकार्याला सोप्यात माणसं बसली होती. बोलता बोलता ट्रॉलीची गोष्ट निघाली. शिराळ्याचे एक पाहुणे सांगत होते, की साहेबानं खूश होऊन आक्काला तिथल्या तिथं पास करून टाकलं. मला राहवलं नाही. म्हटलं, तसं नाही झालं, मी सांगते. आणि कडुनिंबापासून चहापर्यंत सगळी गोष्ट मी सांगितली, आक्कांच्या आवाजात, मान वळवून मागे बघून. लोक हसले, मग डोळे पुसायला लागले.

पाहुण्यांनी विचारलं, "आवं, मग तुमी तवा कुठं व्हता?"

"तिथंच उन्हात उभी होते," मी म्हटलं.

पुढचं मी सांगितलं नाही. ते आक्का सांगायच्या.