मैदानावर आखलेलं जुनं गाव

"ज्यानं पाहिलंय, त्याला विचारा."

आमच्या इतिहास-भूगोलाच्या बाई दिवसातून चार वेळा तरी हे म्हणायच्या. प्रश्न आला की पुस्तक मिटायचं आणि दाराबाहेर गावाकडं हात करायचा. मी त्याच शाळेत गणित शिकवतो. खरं सांगतो, सुरुवातीला मला वाटलं, बाईंना उत्तर येत नसावं.

माकणीच्या धरणाजवळची आमची शाळा. बाई तुळजापूरच्या, घरात तीन पिढ्या मास्तरकीच्या. त्या आल्या तेव्हा सातवीची पोरं इतिहासाच्या तासाला जांभया द्यायची. बाईंनी स्वतःचा मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, आपण आपला रेडिओ काढू.

मग काय विचारता! पोरं कुंभाराकडं, सुईणीकडं, एसटीच्या कंडक्टरकडं जाऊन मुलाखती आणू लागली. बैलगाडीचा आवाज हवा असेल तर खाट करकरवायची, पावसासाठी सुपात ज्वारी हलवायची. दर शनिवारी परिपाठाला शाळेच्या भोंग्यावर कार्यक्रम लागायचा आणि सगळं गाव ऐकायचं.

एकदा विषय निघाला धरणात गेलेल्या जुन्या गावाचा. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीनं आजोबांना बोलतं केलं. वेस कुठं होती, वेशीपाशी आड कसा होता, सगळं त्यांनी सांगितलं. कार्यक्रम संपतो न संपतो तोच एक म्हातारी काठी टेकत शाळेत आली.

"आड येशीपाशी नव्हता," ती म्हणाली. "माझ्या दारात होता. म्या पाणी भरलंय."

मुख्याध्यापक आधीच वैतागले होते. अभ्यासक्रम मागं पडलेला, परीक्षा तोंडावर, त्यात आता भांडण. त्यांनी रेडिओ बंद करायला सांगितलं. बाईंनी फक्त पुढचा एक शनिवार मागून घेतला.

त्या शनिवारी त्यांनी आजोबांना आणि म्हातारीला मैदानावर बोलावलं आणि खो-खोचं मैदान आखायची पांढरी फक्की पोरांपुढं ठेवली. म्हणाल्या, "भांडण मिटवू नका. आखा."

दोघं सांगत गेले, पोरं आखत गेली. बघता बघता आणखी म्हातारी माणसं जमली. मी व्हरांड्यातून गंमत बघत होतो, तेवढ्यात बाईंनी हाक मारली, "सर, दोघांच्या पावलांचं माप जुळेना. तुमच्याशिवाय जमायचं नाही." मी उतरलो. गुणोत्तर-प्रमाण मी इतक्या हौसेनं कधी शिकवलं नव्हतं. टेपचं दुसरं टोक कुणी धरलंय म्हणून पाहिलं, तर मुख्याध्यापक!

दुपारपर्यंत गल्ल्या झाल्या, देऊळ झालं, घरं झाली. आणि आड? दोघांचंही खरं निघालं. म्हातारीचं दारच वेशीपाशी होतं. ती आपल्या घरात जाऊन उभी राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "सरक की जरा, माझ्या न्हाणीत हुबी हायीस." सगळे हसले. मग ती खाली बसली आणि उंबऱ्याच्या रेघेवरून हळूच हात फिरवू लागली.

ती गप्प मुलगी मोबाईल घेऊन पुढं झाली. तिनं स्वच्छ आवाजात विचारलं, "आज्जी, घर सोडताना शेवटी काय उचललं?"

"चुलीतली राख. मूठभर. नव्या चुलीत टाकली."

मी बाईंकडं पाहिलं. त्या डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हातानं पोरांना खुणावत होत्या, बंद करू नका, चालू ठेवा.

रेडिओ बंद करायचं मुख्याध्यापकांनी पुन्हा काढलं नाही. उलट, आजोबांची मुलाखत पाहुण्यांना तेच ऐकवतात. पुढं बाईंची वाशी तालुक्यात बदली झाली. त्यांचा विषय निघाला की मला त्या शनिवारनंतरचा सोमवार दिसतो.

घंटा होऊन गेली होती. बाईंना उशीर झाला होता. मैदानात कुणी नव्हतं आणि फक्कीच्या रेघा तशाच होत्या. तिरकं मैदान कापत आल्या असत्या तर अर्ध्या मिनिटात वर्गात पोचल्या असत्या. पण त्या वेशीतून आत शिरल्या, देवळाला वळसा घातला आणि कुणाच्याही घरात पाय न घालता, गल्लीगल्लीनं, जवळजवळ पळत वर्गाकडं आल्या.