साहेबाचं पान

लग्न होऊन मी बालाघाटला आले तेव्हा माझ्या माहेरच्या नात्यागोत्यात एकच बोलबाला झाला, की पोरगी बंगल्यात गेली. आता बंगला होता, खोटं कशाला बोलू? पण त्याचं कवेलूचं छप्पर पावसाळ्यात असं गळे की घरातल्या एकूण एक गंजाला ड्युटी लागायची. पहिल्या वर्षी मी रडले. दुसऱ्या वर्षापासून कुठे कोणतं भांडं ठेवायचं ते मला पाठ झालं.

सासरे जंगल खात्यात बडे बाबू होते. बंगला त्यांनी घेतला तेव्हा त्याची रयाच गेली होती. फार पूर्वी तो एका स्कॉटलंडच्या साहेबाचा होता. सालवृक्षाच्या लाकडाचा मोठा व्यापारी. त्याची जमीन म्हणे वैनगंगेच्या काठापर्यंत होती, घोडे होते, नोकरांच्या खोल्यांची लांबच लांब ओळ होती. आमच्या वाट्याला आला बंगला, तबेला आणि मागचा बगिचा. तबेल्यात आम्ही गाई बांधायचो. बगिच्यात साहेबानं लावलेल्या जातीची पपनसं होती, आतून गुलाबी. आजही बाजारात पपनस दिसलं की मी घेते, घरी आणून सोलते आणि माझं डोकं फिरतं. काय ती चव होती, आणि काय हे!

दुपारी मागच्या व्हरांड्यात मी आणि सासूबाई धान पाखडत बसायचो आणि भांडायचो. त्यांचं माहेर कटंगीकडचं, खातंपितं शेतकऱ्याचं. त्या भांडायच्या मराठीत, आणि फार चिडल्या की हिंदीत, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं. मी काही कमी नव्हते. पण चहाच्या वेळेला दोघी एका पाटावर.

बगिच्याच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली साहेबाची कबर होती. दगडावर इंग्रजीत कोरलं होतं, की आपल्या हाताखाली राबणाऱ्या सगळ्यांचा तो बाप होता. सासऱ्यांनी ते एकदा वाचून दाखवलं आणि सासूबाईंनी मनात धरून ठेवलं. पुढे माझे यजमान मॅट्रिकला असताना त्यांना टायफाईड झाला. एकुलता एक पोरगा. डॉक्टरनं हात टेकले, सगळे देव नवसून झाले. तेव्हा सासूबाई भर उन्हात त्या कबरीवर गेल्या आणि म्हणाल्या, तू सगळ्यायचा बाप, घर तुह्यं, माह्या पोराले वाचव, मी जिवंत असेपर्यंत तुले आमच्या पितरायच्या पंगतीत जेवाले घालीन. दुसऱ्या सकाळी ताप उतरला.

झालं. तेव्हापासून दरवर्षी सर्वपित्री अमावस्येला घरच्या पितरांच्या पानांशेजारी साहेबाचंही पान मांडलं जायचं. उडदाचे वडे, कढी, भात, खीर. शिवाय त्याच्यासाठी खास चहा आणि त्यात बुडवायला बाजारातलं बटर, कारण नुसत्या खिरीवर त्या साहेबाचं भागणार कसं? चहा कानाच्या कपात. पितळी गिलासात दिला तर त्याला राग येईल, असं त्यांचं म्हणणं. मी हसायची आणि शिव्या खायची. कावळे मात्र सगळ्यात आधी बटरावर पडायचे.

मला त्या घरात येऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, सासरे वारले होते, माझी दोन लेकरं शाळेत जात होती. पितरांचा पंधरवडा चालू होता आणि एका सकाळी फाटकाशी सायकल रिक्षातून एक गोरी बाई उतरली. पन्नाशीची, उन्हानं लाललाल झालेली. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून सगळ्यांनी मला पुढे ढकललं. माझं इंग्रजी आणि तिचं इंग्रजी यांची काही केल्या गाठ पडेना. शेवटी ती बिचारी एक एक शब्द सुटा करून बोलायला लागली.

ती साहेबाची पणती होती. साहेबाची बायकापोरं तिकडे स्कॉटलंडलाच राहिली होती, मोठ्या घरात, भोवती बाग, तळं, हरणं. तिला फक्त कबर पाहायची होती. सासूबाई हरखून गेल्या. स्वतः पुढे होऊन घेऊन गेल्या, झाडलेली जागा दाखवली, वाहिलेली फुलं दाखवली, आणि मला म्हणाल्या, तिले सांग, तुह्या पणज्याले आमी एक वर्षही उपाशी ठेवलं नाई. मी सांगितलं. ती बाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आम्हाला वाटलं, उपकारानं रडते आहे.

तसं नव्हतं. डोळे पुसून ती जे बोलली ते असं, की हा माणूस लाकडाचा व्यापारी नंतर झाला. आधी दूर समुद्रातल्या एका बेटावर त्याचे उसाचे मळे होते आणि त्यात राबायला माणसं होती, विकत घेतलेली. बायाही. त्यांना होणारं लेकरू जन्मतःच त्याच्या मालकीचं. पुढे कायदा होऊन ती माणसं सुटली, तेव्हा सरकारनं भरपाई दिली, ती मालकांना. तो पैसा घेऊन हा इकडे आला, जंगल तोडलं, आणि हा बंगला बांधला.

यजमान आईच्या पाठीमागून मला हातानं खुणा करत होते, सांगू नको म्हणून. मी कशाला गप्प बसते? सगळं सांगितलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की त्या लोकांना जेवायला कोण देत होतं. पणती म्हणाली, मालक देईल ते, राबण्यापुरतं. मग तिनं आपल्यासारखे हात जोडले आणि मला म्हणाली, यांना सांगा, कृपा करून त्याला जेवू घालू नका.

सासूबाईंनी तिचे जोडलेले हात धरून खाली केले. मग मला म्हणाल्या, "तिले सांग, माह्या पोराचा जीव हाये त्याच्यात. मी जबान देली हाये."

ती बाई दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेली आणि आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. पान मांडलं तर असल्या माणसाला सासऱ्यांच्या शेजारी बसवायचं. नाही मांडलं तर नवस मोडला, आणि पोराचं काही बरंवाईट झालं तर? यजमान म्हणाले, आई, मी डॉक्टरच्या औषधानं वाचलो. त्या त्यांच्यावर अशा उखडल्या, म्हणे तू बेहोश पडला होता, तुले काय मालूम? मी शिकलेली, नवसाबिवसाला हसणारी. पण अमावस्या जवळ आली तशी मीही रोज रात्री यजमानांच्या कपाळाला हात लावून पाहायला लागले. शेवटी नवरा माझाच होता ना!

अमावस्येला त्यांनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. हंडाभर भात, हंडाभर कढी. घरच्या पितरांची पानं व्हरांड्यात वाढून झाल्यावर त्यांनी पळसाच्या पत्रावळींचा अख्खा गठ्ठा उचलला आणि मोहाखाली त्या बेटावरच्या माणसांची पंगत मांडली, कबरीकडे पाठ करून. वाकून वाकून एकेका पानावर सगळं वाढलं, खीरसुद्धा. साहेबाची पत्रावळ दगडावर कोरडीच ठेवली. कावळे आले, ओळीनं खात सुटले. ते उडून गेल्यावर सासूबाईंनी हंड्याच्या बुडाची खरवड काढली आणि दगडावर वाढली.

"घे. जबान मोडली नाई म्या. पन इतके दिवस आधी जेवला, आता सगळ्यायच्या मागून."

यजमान हळूच निघून गेले. मी हंडे उचलायला लागले, नाहीतर म्हणाल्या असत्या, उभी काहून राह्यली. तेव्हा पाहिलं, तर पंगतीतल्या पहिल्या पानासमोर त्या मांडी घालून बसल्या होत्या. पदरानं वारा घालत होत्या, समोर कोणी जेवत असावं तशा. मी विचारलं, हे कोणाचं पान?

"आमच्या बापाच्या गड्याचं," त्या म्हणाल्या. "त्याच्या बापानं त्याले लहानपनीच आमच्या घरी देऊन टाकलं होतं. मले खांद्यावर घेऊन बजारात नेई. गोठ्यातच निजे. जनमभर आमच्याच वावरात राबला, आन मी त्याले कवा ताजं वाढलं नाई."

मी त्यांच्याजवळ बसले. वारा घालायचं त्यांनी थांबवलं नाही.

"मेला त्या दिवशी पोळा होता," त्या म्हणाल्या. "गोठ्यातून सांगाले आले. आमी आधी जेवून घेतलं, मंग पाहाले गेलो."