ओटीतले तांदूळ

लेकीच्या हळदीला भाकऱ्या भाजायला गावच्या बायका आल्या होत्या. तांदळाचं पीठ माझ्या माहेरचं, आपटा गावच्या शेतातलं. दादा दरवर्षी पोतं पाठवतो. आईने जन्मभर जपलेलं ते बियाणं. त्याचा भात मोकळा, भाकरी टम्म फुगणारी. त्या दिवशी मात्र पीठ तळहाताला चिकटत होतं आणि भाकरी थापतानाच फाटत होती.

"पीठच चिकाट हाय गो," एक काकी म्हणाल्या.

"पीठ माहेरचंय," मी फटकारलं. "उकडीला पाणी जास्त झालं असेल." पदर खोचून स्वतः बसले. माझ्याही फाटल्या. दादा शेजारीच उभा होता. व्याह्यांच्या मंडळींसमोर हसत म्हणाला, "आयचा हात काय हिच्यात उतरला नाय." मीही हसले. गेली काही वर्षं माझ्या भाकऱ्या बिघडतच होत्या. वाटायचं, वय झालं, हात गेला.

पनवेलच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. तांदळाच्या पिष्टात दोन प्रकारच्या साखळ्या असतात, सरळ आणि फांद्या फुटलेल्या. सरळ साखळी घडवणाऱ्या जनुकात एखादं अक्षर जरी बदललं, तरी ती साखळी कमी पडते आणि भात चिकट होतो. हे मी मुलांकडून दरवर्षी घोकून घेते. लेकीच्या लग्नानंतर तोच धडा शिकवताना खडू हातातच राहिला. इतकी वर्षं माझी अक्कल नुसती फळ्यापुरतीच होती!

आईने शेवटची ओटी भरली तेव्हाचे मूठभर तांदूळ मी डबीत जपले होते. त्यातले थोडे आणि पोत्यातले थोडे वेगवेगळे कुटले, दोन्हींवर आयोडीन टाकलं. आईचे गर्द निळे झाले, म्हणजे सरळ साखळी भरपूर. दादाचे फिकट, जांभळट, म्हणजे बियाणंच वेगळं.

तडक आपट्याला दादाकडे गेले. "आईचं बी कुठंय?"

"तेच तर लावतो," तो म्हणाला. मी डबी पुढे धरून सगळं सांगितलं, तेव्हा त्याने नजर चुकवली. "पोरांना मऊ भात लागतो, बाय. नवीन बी आनला. जुना ठेवला नाय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटला असता."

वाईट! भर मांडवात माझ्या हातांना नावं ठेवताना याला वाईट वाटलं नाही. पीठ का चिकटतंय हे तिथे त्या एकट्यालाच ठाऊक होतं. बियाणं गेलं याचं दुःख आहेच, पण सख्ख्या भावाने मला माझ्याच हातांवर संशय घ्यायला लावला, हे काही केल्या पचत नाही.

वहिनीने चहा आणला. मी घेतला नाही.

"रडू नको," दादा डबीकडे बघून म्हणाला. "हे हाईत ना, हेच पेरू. आयचंच हाय."

गिरणीतून आलेला तांदूळ रुजत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो हसला. या वेळी मी हसले नाही.