गाळलेला 'स'

फॅक्टरीत नवा माणूस आला की ग्रिगोरे त्याचं नाव तीनदा विचारायचा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचा. दुसऱ्यांदा त्याच्यामागून म्हणून बघायचा. तिसऱ्यांदा डोळे मिटून म्हणायचा, "आता तुझी आई हाक मारते तसं सांग." यार्डात पाइप लादणारा एक पन्नाशीचा बांगलादेशी होता. बारा वर्षं सगळे त्याला 'ए बंगाली' म्हणत आले होते, मीसुद्धा. ग्रिगोरेनं त्याच्याकडून 'मोफज्जल' हे नाव काढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून यार्डाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक जायला लागली, "मोफज्जऽल!" बहुधा त्याच्या आईसारखीच, कारण पहिल्यांदा ती ऐकून तो खांद्यावरचा पाइप खाली ठेवून उभाच राहिला होता.

आमची प्लास्टिकच्या पाइपांची फॅक्टरी रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत आहे. मी तिथं स्टोअरकीपर. मूळचा कुडाळकडचा, मस्कतमध्ये सव्वीस वर्षं. ग्रिगोरे रोमानियाचा. मशीनं बसवायला आला आणि मेंटेनन्सला राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा, भुवया पांढऱ्या, बोटं ग्रीसनं कायमची काळी. माझंही नाव त्यानं तीनदा विचारलं. मी म्हणालो सावंत. तो म्हणाला सवांत. तिसऱ्यांदाही सवांत, आणि हसायला लागला.

"आमच्या भाषेत सवांत म्हणजे विद्वान," तो म्हणाला. "हे एकच नाव मी चुकीचं म्हणणार. तुझी हरकत?"

दुसऱ्या खेपेला बारावी सुटलेल्या माणसाची काय हरकत असणार! अख्ख्या फॅक्टरीत मी एकटा विद्वान झालो.

त्याला मी काय केलं, ते आता लिहितो.

कॅन्टीनमध्ये चहाला बसलो होतो. परब आमचा फिटर, मालवणचा. त्याला कुणाच्याही देशाची चौकशी करायची हौस. "रोमानिया म्हणजे रोमच ना?" त्यानं विचारलं.

ग्रिगोरेनं कप खाली ठेवला. "रोमनं ज्यांना संपवलं, ते आम्ही."

मग तो बराच वेळ बोलला. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, वर हिंदी-अरबी शब्द पेरलेले. मी आपलं मराठीत सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी त्याच्या डोंगरांत एक लोक राहायचे. त्यांच्याकडे सोनं होतं, किल्ले होते, राजा होता. रोमनांनी दोन युद्धं केली. शेवटी राजानं स्वतःचा गळा चिरून घेतला. ते सगळं रोममधल्या एका उंच दगडी खांबावर खालून वरपर्यंत गोल गोल कोरलेलं आहे. "आम्ही कसे दिसायचो ते त्या खांबावरनं कळतं," तो म्हणाला. "ज्यांनी मारलं, त्यांनीच चित्रं काढली. आमच्या लोकांनी स्वतः एक पान लिहून ठेवलं नाही. उरली काय, तर झाडपाल्याची थोडी नावं, जुन्या वैद्यांनी टिपून ठेवलेली. आणि लॅटिनमधलं आमचं नाव. डाकी."

"ते स्वतःला काय म्हणायचे?" मी विचारलं.

"कुणाला ठाऊक! कुणी म्हणतं, त्या नावाचा अर्थ लांडगे. त्यांच्या आयांना विचारायला हवं होतं." मग त्यानं बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. "डाकी म्हणजे पुष्कळ. एकटा असला तर डाकुस. मी डाकुस."

परबानं माझ्याकडं बघितलं. "सावंतानू, ह्यो तर डाकू मरे! स्टोअराक दोन कुलपा घाला."

टेबल हसलं. सगळे हसतात म्हणून ग्रिगोरेही हसला. "काय म्हणाला तो?"

"आमच्याकडे शूर माणसाला डाकू म्हणतात," मी म्हणालो. "जवळजवळ तुझाच शब्द."

तो इतका खूश झाला की संध्याकाळी आपला लाल टूलबॉक्स आणि पांढऱ्या रंगाची डबी घेऊन स्टोअरच्या खिडकीशी हजर. "सवांत, तुमच्या अक्षरांत लिही. डाकुस."

मी ब्रश घेतला. 'डा' लिहिला. पुढं 'कू' लिहिला, दीर्घ. मागं परब तोंडावर हात दाबून उभा होता. मी ब्रश खाली ठेवला.

"एवढंच?" ग्रिगोरेनं विचारलं.

"आमची लिपी आटोपशीर आहे," मी म्हणालो.

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचा फरक. मी दोन्ही एकाच ब्रशनं केली.

नाव पसरलं. कंपनीच्या बसमध्ये, कामगारांच्या कॅम्पच्या मेसमध्ये, गेटवर, सगळीकडं डाकू. तो हाकेला ओ द्यायचा. उन्हाळ्यात दुपारी डोंगराकडून गरम वारा सुटतो. यार्डात रचलेल्या पाइपांच्या उघड्या तोंडांतून तो शिरला की पाइप घुमतात. आधी बारीक, मग खालच्या सुरात, कुणीतरी लांबून हाका मारल्यासारखे. आम्हाला सवय होती. ग्रिगोरे मात्र काम थांबवायचा. त्या डाकी लोकांचं निशाण म्हणे असंच होतं: काठीवर पितळी लांडग्याचं पोकळ डोकं, मागं कापडाची लांब शेपटी. घोडा दौडवला की वारा त्याच्या जबड्यात शिरायचा आणि ते डोकं रडायचं. "ऐक," तो म्हणायचा. "भाषा गेली. आवाज राहिला."

एकदा जेवताना त्यानं आणखी एक सांगितलं. जुन्या ग्रीक-रोमन नाटकांत नोकराचं नाव पुष्कळदा 'दावुस' असायचं. काही पंडितांच्या मते तेही त्याच्याच लोकांचं नाव. माणूस विकत आणायचा आणि त्याच्या देशाचं नाव त्यालाच चिकटवायचं. ए दावुस, पाणी आण. नाटकात तो दावुस लबाड्या करायचा आणि लोक हसायचे.

"कसले लोक!" मी म्हणालो. "आता कोण करतं असं?"

त्यानं भाताचा घास तसाच धरला. "ए बंगाली," तो हळूच म्हणाला, आणि घास तोंडात घातला. मी ताटात बघत राहिलो. त्या दिवशी टूलबॉक्सवर तो 'स' लिहून टाकता आला असता. रंगाची डबी माझ्याच कपाटात होती.

मोटर आणि पंप एका रेषेत बसलेत की नाहीत हे तपासायचं एक लेझरचं यंत्र आमच्याकडे होतं, पिवळ्या पेटीत. वापरायचा फक्त ग्रिगोरे, ठेवायचं माझ्या स्टोअरमध्ये. एका बुधवारी त्यानं ते परत दिलं, पुसून, पट्टा बांधून. गुरुवारी माझा मेव्हणा रुस्ताकहून आला. तिथं सूकच्या बाजाराजवळ त्याचं पंपदुरुस्तीचं वर्कशॉप आहे.

"भावोजी, शुक्रवार-शनिवार, सुट्टीचे दोन दिवस द्या. रविवारी सकाळी पेटी जागेवर."

मी दिली. कुठं लिहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. शनिवारी डोंगरात पाऊस झाला, वाटेतल्या कोरड्या नदीला, वादीला, पूर आला आणि मेव्हण्याची गाडी पलीकडं अडकली.

रविवारी सकाळी तीन नंबरच्या लाइनचा पंप थरथरायला लागला. ग्रिगोरे खिडकीशी आला. "सवांत, पिवळी पेटी."

मी कपाट उघडलं. रिकाम्या जागेकडं असं बघितलं, जसं काही मला नवलच वाटलं. आणि म्हणालो, "शेवटी तुझ्याकडेच होती ना?"

"बुधवारी दिली. तुझ्या हातात."

"बघतो," मी म्हणालो. मागं चारजण उभे होते. त्यांतला एक हिंदीत म्हणाला, "डाकू ले गया!" आणि पुन्हा सगळे हसले.

दुपारी मुदीरनं, म्हणजे आमच्या ओमानी मॅनेजरनं, मला केबिनमध्ये बोलावलं. शांत माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. म्हणाला, "सावंत, एक सांग. सगळे त्याला डाकू म्हणतात. तुमचाच शब्द ना? अर्थ काय त्याचा?"

सर, ती थट्टा आहे, मीच केलेली, आणि पेटी रुस्ताकला आहे, मीच दिलेली. एवढं बोलायला किती वेळ लागला असता? मी एक शब्द बोललो. "हरामी."

अरबीत हरामी म्हणजे चोर. भाषांतर अचूक होतं. तो शब्द अरबीत त्याला लागला आणि मराठीत मला.

मुदीरनं पेनाला टोपण लावलं. "म्हणजे लोकांना आधीपासून माहीत होतं."

पोलिसांत कुणी गेलं नाही. सगळ्यांदेखत ग्रिगोरेचं लॉकर उघडलं, टूलबॉक्स उपडा केला. माझ्या अक्षरांची बाजू वर आली. पेटी अर्थातच निघाली नाही, तरी गुरुवारच्या विमानाचं तिकीट त्याच्या हातात दिलं. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी दिली होती." कुणाच्या हातात, ते मात्र त्यानं मुदीरला सांगितलं नाही. मी कबूल होईन याची वाट बघत होता की काय, कोण जाणे.

मंगळवारी मेव्हणा आमच्या अल अमेरातच्या घरी पेटी घेऊन आला. दोन दिवस हातात होते. बुधवारी पेटी नेऊन ठेवली असती तर इतके दिवस कुठं होती असं विचारलं असतं. माझी नोकरी गेली असती, आणि नोकरीवर बायकोचा-मुलीचा व्हिसा. मुलीची दहावी ऐन परीक्षेवर आलेली. याला कारण म्हणा किंवा सबब म्हणा. मी पेटी गाडीच्या डिकीत ठेवली आणि वर जुनी चादर टाकली.

गुरुवारी दुपारी ग्रिगोरेचा फोन आला. "सवांत, एअरपोर्टला तू सोडशील?"

कॅम्पवर मोफज्जलनं बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि मी काही म्हणायच्या आत टूलबॉक्स डिकीत. वाटेत ग्रिगोरे खिडकीबाहेर बघत होता. एअरपोर्टला मी सीटबेल्ट सोडेपर्यंत त्यानं उतरून डिकी उघडलीसुद्धा.

चादर सरकली होती. पिवळा कोपरा बाहेर आला होता, त्यावर स्टोअरचा नंबर, माझ्याच अक्षरात.

त्यानं टूलबॉक्स उचलून खाली ठेवला. मग वाकून चादरीचं टोक ओढलं आणि तो कोपरा झाकला. झोपलेल्या लेकराचा पाय झाकावा तसा. डिकी लावली.

"वारा आहे," तो म्हणाला. हात पुढं केला. "सवांत."

मला त्याचं नाव घ्यायचं होतं. सवयीनं तोंडात 'डाकू' आलं, ते गिळलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही येईना. "इन्शाल्ला," मी म्हणालो. कशाला म्हणालो, माहीत नाही.

रविवारी मी पेटी खोक्यांच्या मागं ठेवली आणि 'सापडल्याचं' कळवलं. "मिस्कीन," मुदीर म्हणाला. बिचारा. "त्याला पत्र लिही, सावंत. स्टोअरनंच लिहायला हवं." मी हो म्हणालो. चार वर्षं लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात एक मेसेज आला. 'डिअर मिस्टर सवांत.' ग्रिगोरेची मुलगी. वडील हिवाळ्यात गेले. लाल टूलबॉक्स शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होता. ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, ओमानमधल्या माझ्या एका विद्वान मित्रानं आमच्या लोकांचं नाव भारतातल्या अक्षरांत लिहून दिलंय. ती अक्षरं त्यांच्या दगडावर कोरायची आहेत. खाली फोटो होता. रंग थोडा उडाला होता, पण वाचता येत होतं. 'अक्षरं बरोबर आहेत ना, एकदा बघाल? बाबांना नावात चूक चालत नसे.'

नाव तीनदा विचारणारा माणूस. कॅम्पमध्ये शंभर हिंदी बोलणाऱ्यांत राहिलेला. त्याला अर्थ कळला नसेल? कळला असेल तर त्यानं त्यावर रंग का फासला नाही? तीन दिवस वारा होता आणि यार्डात पाइप घुमत होते. मी स्टोअरची खिडकी लावून बसलो, तरी ऐकू येत होतं.

शुक्रवारी घरी मुलीला जवळ बसवलं. माझं इंग्रजी असल्या पत्राला पुरणारं नाही. मी मराठीत सांगत गेलो, ती टाइप करत गेली.

"बाबा, 'स गाळला' म्हणजे? लीक झाला?"

"नाही. सोडून दिला."

"बाय मिस्टेक?"

"मुद्दाम."

तिची बोटं थांबली. मग पुन्हा चालू झाली. पेटी, रुस्ताक, हरामी, चादर. शेवटी आमचं आडनाव टाकेपर्यंत तिनं मान वर केली नाही. मी कागदावर मोठ्या अक्षरात 'डाकुस' लिहिलं, ऱ्हस्व उकार देऊन, आणि त्याचा फोटो सोबत पाठवला.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. काळा दगड, त्यावर ग्रिगोरेचं नाव, त्याखाली डाकुस. कोरणाऱ्यानं हे अक्षर जन्मात पाहिलं नसणार. 'स' जरा कलंडलेला होता, पण होता. खाली एकच ओळ. 'शेवटच्या अक्षराबद्दल आभार, मिस्टर सावंत.'

मी ती तीनदा वाचली. सवांत नव्हतं. माझं नाव तिनं अगदी बरोबर लिहिलं होतं.