मिक्सरची रिकामी खोकी

त्या प्रकरणात पहिली मूर्ख ठरले ती मी स्वतः. अंगावर खाकी साडी, खांद्यावर दोन चांदण्या, आणि चालताना बूट असे वाजायचे की गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट सोडत. अशा या फौजदारीणबाईंनी एका इंग्रजी कागदावर न वाचता सही ठोकली. नोकरीतली मोठमोठी प्रकरणं विसरले, हे मात्र अजून डोक्यातून जात नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नाशिकला एका ठाण्यात माझी नेमणूक होती. सुट्टीच्या दिवशी दारात एक विक्रेता आला. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. सासूबाईंना म्हणाला, "मावशी, पैशाचं नावच काढू नका. हा मिक्सर आठ दिवस फुकट वापरा. नाही आवडला तर मी स्वतः येऊन घेऊन जातो." माझ्यापुढे कागद सरकवला, "वहिनी, ही नुसती माल मिळाल्याची पोच." मी सही केली. निघताना त्याने मिक्सरचं रिकामं खोकं उचललं. "लहान घरात अडगळ कशाला?" माणूस किती समजूतदार, असं मला वाटलं. मी त्याला चहासुद्धा पाजला!

सासूबाईंनी मिक्सरमधली शेंगदाण्याची चटणी बोटावर घेतली, "ही चटणी आहे की पिठी?" म्हणाल्या आणि पाट्याकडे वळल्या. आठ दिवस गेले, दहा गेले, विक्रेता काही आला नाही. आलं ते रजिस्टर पोस्टाने बिल. मिक्सरचं, आणि वर न मागितलेल्या दोन जादा भांड्यांचं. कागद आता नीट वाचला. आठ दिवसांत मूळ खोक्यासह माल परत न केल्यास तो विकत घेतला असं समजलं जाईल. आणि खोकं तर तोच घेऊन गेलेला.

"चोर पकडतेस ना गं तू?" सासूबाई म्हणाल्या. "मग याला चहात साखर कमी तरी घालायचीस."

मी गुपचूप पैसे भरले. ठाण्यात कळलं तर जन्मभर हसतील, ही भीती. इथवर नुसता मूर्खपणा होता. त्याचं पाप पुढच्या आठवड्यात झालं.

एक बाई ठाण्यात आल्या. शिवणकाम करायच्या. नवरा वारलेला, पदरात दोन मुली, आणि एका शिलाई मशीनवर सगळं घर. शाळांचे गणवेश शिवायच्या. वाटण्याघाटण्यातला वेळ वाचला तर दिवसाला एखादा झगा जास्त होईल, म्हणून त्यांनी तो फुकटचा मिक्सर ठेवून घेतला होता. हातात तसंच बिल, आणि आता जप्तीची धमकी देणारं पत्र.

"मॅडम, आम्ही विकत नव्हता हो घेतला. वापरून बघा म्हणाला तो."

"सही तुमचीच ना?"

"हो, पण..."

"न वाचता सह्या कशा करता तुम्ही बायका? हे दिवाणी प्रकरण आहे. पोलीस यात पडत नाहीत. कोर्टात जा."

आमचे हवालदार वयाने मोठे, अनुभवी. ते हळूच म्हणाले, "मॅडम, साधा अर्ज तरी घेऊ का ठेवून?" मी नको म्हटलं. अर्ज घेतला की चौकशी, चौकशी लागली की ग्राहकांची यादी, आणि यादीत माझं नाव. स्टेशन डायरीत एक ओळसुद्धा झाली नाही. बाई कागदाची घडी घालून निघून गेल्या.

दोनेक महिन्यांनी हवालदार गस्तीवरून खबर घेऊन आले. गंगापूर रोडला एका गाळ्याशेजारचा दुकानदार कुरकुरत होता. "म्हणतो, शेजाऱ्याने छतापर्यंत रिकामी खोकी रचलीत, काडी पडली तर माझं दुकान जाईल. मिक्सरची खोकी आहेत म्हणे." माझंही खोकं त्यातच असणार, पण आता कानाडोळा करणं शक्य नव्हतं.

विक्रेत्याला ठाण्यात आणलं. गडी जराही डगमगला नाही. "सगळ्यांच्या सह्या आहेत मॅडम. कायद्याने बोला." तास गेला, दोन तास गेले. एवढ्या वर्षांत एक कळलं आहे, खोटं बोलणारा माणूस मोठ्या प्रश्नाची तयारी करून येतो, बारीकसारीक प्रश्नाची करत नाही. मी विचारलं, "सह्या राहू दे. रिकामी खोकी का जपतोस? रद्दीत का नाही घालत?"

पहिल्यांदाच त्याने पाणी मागितलं.

मग सगळं बाहेर आलं. ज्यांना बिल झेपत नसे त्यांचे मिक्सर तो उचलून आणी, वर 'झीज' म्हणून पैसे घेई, आणि तोच मिक्सर खोक्यात घालून नवा म्हणून दुसऱ्याच्या दारात नेई. खोकं आधीच काढून न्यायचं, हा फसवणुकीचा इरादा झाला. चारशेवीसचा गुन्हा दाखल करायला तेवढं पुरलं.

पंचनाम्याला गाळ्यात गेलो. प्रत्येक खोक्यावर पेन्सिलने गिऱ्हाइकाचं नाव. हवालदार एकेक वाचत होते आणि एका खोक्याशी थबकले. पंचांकडे पाठ करून, आवाज अगदी खाली घेऊन म्हणाले, "मॅडम, हे मुद्देमालात घ्यायचं, की घरी न्यायचं?"

"मुद्देमालात," मी म्हटलं. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

फिर्यादी म्हणून मला त्याच बाई हव्या होत्या. पत्ता काढत गेले. खोलीत खिडकीखाली फरशीवर चार पायांच्या खुणा होत्या, मशीन नव्हतं. बिल भरायला त्यांनी ते विकलं होतं. गणवेशाचं काम दुसरीकडे गेलं. त्या आता एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करत होत्या.

पुढे त्या विक्रेत्याला शिक्षा झाली, साहेबांनी माझी पाठ थोपटली. बाईंना कोर्टाकडून थोडेफार पैसे परत मिळाले, तेही फार उशिरा. तोवर त्यांचं मशीन ज्याच्या हाती गेलं होतं तो गाव सोडून गेला होता. नोकरीत मी पुष्कळांना खोटं बोलताना पकडलं. पण फसलेला माणूस लाजेपोटी गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यावरच ठगाचा धंदा चालतो, हे मला तिथे कळलं. आणि त्या गप्प बसणाऱ्यांत वर्दी घातलेली मी होते.

त्या दिवशी खोलीत बाईंचा जबाब लिहून झाल्यावर मी त्यांना खरं सांगितलं होतं. मीही सही केली होती, मीही मुकाट्याने पैसे भरले, तुम्ही ठाण्यात आलात त्याच्या आधीच. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडम, हे तुम्ही त्याच दिवशी सांगायचं होतं. मला वाटलं, मी एकटीच येडी. एकटीने भांडायचं कुणाशी, म्हणून मशीन विकलं हो मी."