दम लागेल तिथे

संशोधक मुलं पाठीमागे त्यांना कात्रीबाई म्हणत. बाई प्रबंधांची भाषा तपासून देत आणि त्यांची पद्धत स्वतःची होती. लिहिणाऱ्याने समोर बसायचं आणि आपलंच वाक्य मोठ्याने वाचायचं. जिथे दम लागेल, तिथे वाक्य तोडायचं. बहुतेकांची वाक्यं पाच-सहा ओळींची असत. कोणी, कशामुळे, कशाच्या संदर्भात, हे सगळं आधी आणि क्रियापद रुसलेल्या मामासारखं सगळ्यांच्या शेवटी.

"वाचताना तुझाच जीव मेटाकुटीला येतोय, मग परीक्षकाने काय करावं?" बाई म्हणत.

नवरा गेल्यानंतर घरात आवाज राहिला होता तो या वाचनाचाच. मुलगा परदेशी. त्याच्या निरोपांत तोडण्यासारखं काही नसायचं: 'बरा आहे.' 'काळजी घे.' अलीकडे विद्यार्थी भाषा संगणकाकडूनच तपासून घेऊ लागले होते. समोर बसायला एकच मुलगी उरली होती. शिवणकारखान्यातल्या बायकांची पाठदुखी हा तिचा विषय. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती यायची, खुर्चीवर एक पाय दुमडून बसायची आणि वाचता वाचता कारखान्यातल्या मुकादमाच्या नकला करायची. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

त्या शुक्रवारी तिने शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं.

"प्रदीर्घ काळ एकाच स्थितीत बसून करावयाच्या कामामुळे उद्भवणाऱ्या वेदनांची वाच्यता करण्याबाबतच्या अनिच्छेच्या मुळाशी..." ती थांबली. दम लागला म्हणून नव्हे.

"मावशी, हे तर आपण मागेच तोडलं होतं. 'बसून बसून पाठ दुखते. बायका बोलत नाहीत. बोललं तर काम जाईल, अशी त्यांना भीती वाटते.' मला चांगलं आठवतंय."

"तुझ्या सरांना सोपं लिहिलेलं आवडत नाही ना. वर्तमानपत्र वाटतं म्हणे. म्हणून म्हटलं..."

"सरांनी हे प्रकरण बघितलंय कुठे अजून? फाइल तुमच्याच संगणकात असते."

तिने माउस हातात घेऊन पानं मागे सरकवली. तोडलेली वाक्यं जागोजागी परत जोडलेली होती, छान, बेमालूम. असं जोडकाम बाईंशिवाय कुणाला जमणार?

"सोमवारी प्रबंध दिला नाही तर माझी नोंदणी रद्द होईल, मावशी. मुदतवाढही संपली. आणि तुम्ही सोडवलेलं परत गुंतवून ठेवताय? मला वाटायचं मीच ढ आहे, माझंच काही संपत नाही!"

बाईंनी चष्मा काढला आणि त्या तो पदराने पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा आवाज खाली आला.

"मग सरळ म्हणायचं ना, येत जा म्हणून."

बाईंनी चष्मा चढवला. "वाच," त्या म्हणाल्या. "आज संपवूनच उठायचं."

मुलगी वाचत गेली, बाई तोडत गेल्या. आपलीच जोडकामं उसवताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. मुकादमाची नक्कल मात्र आज झाली नाही. शेवटच्या पानांवर मुलीचा आवाज उतारावरून चालल्यासारखा सरळ जात होता. एखादं तरी वाक्य अडावं, असं बाईंना आतून वाटत होतं. एकही अडलं नाही.

ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं होतं. मुलीने फाइल पेनड्राइव्हवर घेतली, पिशवी खांद्याला लावली, दाराशी चपला चढवल्या.

"निघते, मावशी."

निघाली मात्र नाही. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून, वळून उभी राहिली.

दोनच शब्द होते. ते तर तिनेच मघाशी बाईंना तयार करून दिले होते. पण बाईंची जीभ काही रेटेना.

"जिन्यातला दिवा गेलाय," बाई म्हणाल्या. "जपून उतर."

"हो," म्हणून मुलगी खाली गेली.