दाजींनी वाढवलेला वेग

दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत कळंबला माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. मिक्सिंगही मीच करायचो. पडद्यावर फुलाच्या पाकळ्या उघडून आतून नवरी गरगरत बाहेर यायची आणि ते गरगरणं तयार करायला कॉम्प्युटर अख्खा दिवस खायचा.

थोरल्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पुण्यात एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. कंपनीत कॉम्प्युटर होते, तेवढ्यावर ते स्वतःला इंजिनिअर समजत. एका रविवारी ते एका सॉफ्टवेअरची सीडी घेऊन आले.

"ह्यानं ग्राफिक्स कार्ड लई जोरात पळतंय. वेग, पंखा एकदा ठरवायचा, प्रोफाइल सेव्ह करायचं. मग नुसतं लोड म्हणायचं."

प्रोफाइलला त्यांनी नाव दिलं 'वाघ'. तेही मराठीत टाइप करून. मराठी टायपिंग येतं हे आम्हाला दिसायला नको?

लोड दाबलं आणि सॉफ्टवेअर बंद पडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद.

"धूळ हाय," दाजी म्हणाले. मी कॉम्प्युटरचा डबा उघडून ब्लोअर मारला. "लाइट कमी-जास्त व्हती तुमच्याकडं." मी स्टॅबिलायझर बसवला. त्यांच्याच सांगण्यावरून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बदलला. शेवटी त्यांनी विंडोजच नव्यानं टाकलं. माझी मिक्सिंगची सगळी सेटिंग गेली. त्यावर दाजींनी हौसेनं परत 'वाघ' बनवला, आणि तोही पडला. जावयाचं चुकलंय म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. आई त्यांना चहा देताना रागानं बघायची ती माझ्याकडे.

निमगाव साव्याचं एक गिऱ्हाईक रोज फोन करायचं, "भाऊ, लग्नाची सीडी बारशाला तरी मिळंल का?"

पुढच्या रविवारी ताईही सोबत आली. पडद्याकडे बघत म्हणाली, "अहो, ही तीन प्रश्नचिन्हं कसली?"

"सॉफ्टवेअरचं असतं ते. तुला न्हाई कळायचं."

मी वाकून बघितलं. प्रोफाइलच्या यादीत 'वाघ' नव्हताच, नुसती तीन प्रश्नचिन्हं होती. सॉफ्टवेअरला मराठी वाचता येत नव्हतं. न वाचता आलेल्या नावाची फाइल शोधताना ते मरत होतं. मी तेच आकडे इंग्रजी 'ए' नावानं सेव्ह केले आणि लोड दाबलं. चाललं.

"म्हणलं न्हवतं, ड्रायव्हरचंच व्हतं!" दाजी म्हणाले. ताई माझ्याकडे बघून नुसती हसली.

ते गेल्यावर मी घड्याळ लावून मिक्सिंग केलं. पूर्वी लागायचा तेवढाच वेळ लागला. ते काम मुळात प्रोसेसरचं होतं, पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या कार्डाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. कार्ड मात्र तव्यासारखं तापलं आणि पडद्यावर नवरीच्या गालावर हिरवे ठिपके आले. मी सॉफ्टवेअर काढून टाकलं.

दोन दिवसांनी दाजींचा फोन आला. "काय, पळतंय का?"

"लई पळतंय," मी म्हणालो.